पितळेची झळाळी : जुन्नर-आंबेगांवची एक फेरी

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यानें मंचर ओलांडून नारायणगांव गांठलें आणि तेथून पश्चिमेस वळलें, म्हणजे थोड्याच वेळांत शिवनेरीचा कडा दृष्टीस पडूं लागतो. त्या कड्याच्या पायथ्याशीं, कुकडी नदीच्या खोऱ्यांत, जुन्नर वसलें आहे. श्रीशिवछत्रपतींचें जन्मस्थान म्हणून शिवनेरीस, आणि अष्टविनायकांपैकीं दोन स्थानें म्हणून लेण्याद्रि व ओझर यांस, आमच्या वाचकांपैकीं बहुतेक कुटुंबें एकदां तरी जाऊन आलेलीं असतील. तेव्हां त्या स्थळांचें नेहमींचें वर्णन आम्ही येथें करीत नाहीं. ह्या आश्विनांत आम्ही त्या भागांत आठ दिवस होतों, ते एका निराळ्याच हेतूनें. घरोघरीं आणि देवळोदेवळीं पितळ कसें राखतात, तें एकदां डोळ्यांनीं पाहावें, असें पुष्कळ दिवस मनांत होतें. विषय क्षुद्र वाटेल खरा. पण ज्या घरांत एक सासू, दोन सुना आणि चाळीस पितळी भांडीं आहेत, त्या घरांत तो क्षुद्र नाहीं, हें आमच्या भगिनींस सांगावयास नको.

आश्विन हाच ह्या पाहणीचा महिना. पावसाळाभर माळ्यावर आणि फडताळांत पडून राहिलेलीं भांडीं दिवाळीपूर्वीं खालीं उतरतात, आणि चार महिन्यांच्या दमट हवेनें त्यांचें काय केलें तें त्या दिवशीं उघड होतें. कोणावर तपकिरी साय, कोणावर काळे ढग, कोणाच्या बुडाशीं हिरवा जंगाल. मग चिंच भिजत पडते, राख चाळली जाते, आणि अंगणांत दोन दिवस घांसण्याचा आवाज चालतो. तिसऱ्या दिवशीं सारें सोन्यासारखें दिसतें, आणि तुळशीचें लग्न लागतें न लागतें तोंच पुन्हा काळवंडूं लागतें. हें इतकें नियमानें घडतें, कीं त्यांत कांहीं चुकत असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं.

जुन्नरास जाण्याचें आणखी एक कारण होतें. गांवाभोंवतींच्या डोंगरांत जीं बौद्ध लेणीं आहेत, त्यांतील शिलालेखांत इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतील निरनिराळ्या धंद्यांच्या श्रेणींचे, म्हणजे आजच्या भाषेंत संघांचे, उल्लेख येतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें एक लेणें व पाण्याचें टांकें दिलें, असें एक लेख सांगतो. दुसऱ्या एका लेखांत वेळूचें काम करणाऱ्यांच्या व कासाकारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या रकमेचा आणि तिच्यापासून महिन्याकांठीं येणाऱ्या उत्पन्नाचा हिशेब आहे. हा कासाकार म्हणजे संस्कृतांतला कांस्यकार, आणि आपला आजचा कासार तो हाच. लेकीबाळी ज्याच्याकडे बांगड्या भरावयास जातात, त्याच्या नांवांत कांसें अजून वाजत आहे! धर्मादायाची ठेव ज्यांच्या हवालीं निःशंकपणें करावी, इतकी ह्या धातुकामाच्या धंद्याची त्या काळीं जुन्नरांत पत होती. माल येण्याची वाटहि जवळच होती. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांचा व्यापार नाणेघाट चढून जुन्नरास येई. ‘पेरिप्लस’ नांवाच्या ग्रीक प्रवासग्रंथांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरणाऱ्या मालांत तांबें, कथील व शिसें यांची नोंद आहे. आणि पुढें सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या अलेक्झांड्रियाच्या माणसानें कल्याणहून बाहेर जाणाऱ्या मालांत तांब्याच्या जातीच्या धातूचा उल्लेख केला आहे.

आतां पितळ काळें कां पडतें, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. नाहीं तर पुढील गोष्टी नीट कळावयाच्या नाहींत. कांसें म्हणजे तांबें आणि कथील. पितळ म्हणजे तांबें आणि जस्त, साधारणतः दोन भाग तांबें व एक भाग जस्त. काळवंडतें तें मुख्यतः त्यांतलें तांबें. हवेंतील प्राणवायूनें त्यावर तपकिरी साय येते. गंधकाचा वायु लागला म्हणजे काळा थर बसतो. आणि ओल व हवेंतील कार्बन डायॉक्साइड यांच्या मिलाफानें हिरवा जंगाल चढतो. पैकीं पहिली तपकिरी साय ही वाईट नव्हे. ती एकदां सारखी बसली, कीं हवेचा पुढचा हल्ला मंदावतो. आपण मात्र ती तारेच्या घांसणीनें खरवडून काढतों, आणि धातूचें उघडें अंग पुन्हा हवेच्या स्वाधीन करतों. प्रत्येक घांसणीबरोबर थोडेंसें पितळहि राखेंतून मोरीत जातें, तें निराळेंच.

चिंच, लिंबू आणि आंबट ताक ह्या तिहींचें काम एकच. त्यांतील आम्ल ती साय विरघळवितें. राखेंत क्षार असतो. तो तेलकटपणा काढतो. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धीचें जें प्रकरण आहे, त्यांत तांबें, लोखंड, कांसें, पितळ, कथील व शिसें यांची शुद्धि क्षार, आम्ल आणि पाणी यांनीं ज्याला जें योग्य असेल त्याप्रमाणें करावी, असें सांगितलें आहे. आधीं क्षारानें तेल काढावें, मग आम्लानें साय काढावी, मग पाण्यानें दोन्ही धुवून टाकावीं. हा क्रम आजच्या रसायनशास्त्रासहि मान्य होईल. परंतु स्मृतिकारांस शुचिता हवी होती, चकाकी नव्हे. म्हणून चौथी क्रिया तेथें नाहीं, आणि ती म्हणजे भांडें तत्काळ पुसून कडकडीत वाळविणें. आमच्या आजीच्या काळीं ती आपोआप होई, कारण अंगण होतें, ऊन होतें, आणि भांडें फळीवर उपडें घालण्यास जागा होती. आतां ओट्यावरच्या जाळींत भांडीं एकावर एक निथळत पडतात. आम्लाचा वा मिठाचा अंश चरींत राहतो, पाण्याचा थेंब कांठाशीं सुकतो, आणि दुसऱ्या दिवशीं तेथेंच डाग उठतो.

आम्ल फार वेळ ठेवूं नये, यासहि कारण आहे. ‘रसरत्नसमुच्चय’ ह्या रसशास्त्रावरील ग्रंथांत पितळेचे दोन प्रकार सांगितले आहेत, रीतिका आणि काकतुंडी. तापवून कांजींत बुडविल्यावर जें तांब्यासारखें लाल होतें तें रीतिका, आणि जें काळें पडतें तें काकतुंडी. आम्लाच्या योगें वरच्या थरांतलें जस्त निघून जातें व तांबें मागें राहतें, ही गोष्ट त्या परीक्षेंत दिसत असावी, असें आम्हांस वाटतें. रात्रभर चिंचेंत बुडवून ठेवलेल्या तांब्यावर जे गुलाबी डाग पडतात, ते ह्याच जातीचे. घांसून ते जात नाहींत; त्यांच्याखालचा थर झिजेपर्यंत घांसावें लागतें.

जुन्नरांत आमचा मुक्काम एका जुन्या विद्यार्थ्याच्या वाड्यांत होता. तिघे भाऊ, तिघांचे संसार, आणि सर्वांवर त्यांच्या मातोश्री, ज्यांना आम्ही काकू म्हणतों. वय ऐंशीच्या पुढें. दृष्टि मंद, पण स्मरण खणखणीत. आम्ही गेलों तेव्हां घरांत एक मौन भांडण चालूं होतें. धाकट्या सूनबाईंनीं ठरविलें होतें, कीं यंदां दिवाळीपूर्वीं सारें पितळ मोडीत घालावयाचें. थोरल्या वहिनींस तें घराची अब्रू मोडीत घातल्यासारखें वाटत होतें. धाकट्या बाई बँकेंत नोकरीस आहेत. त्या आम्हांस म्हणाल्या, “गुरुजी, मान मलाहि कळतो. पण सकाळीं साडेनऊला मला बँकेंत पोंचावें लागतें. घांसायला बाई मिळत नाहीं, आणि मिळाली तर ती तारेनें घांसते. सांगा, काय करूं?” त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. जी झळाळी एका माणसाच्या मनगटावर उभी असते, तिची किंमत त्या मनगटास विचारूनच ठरवावी, असें आम्ही समजतों.

भांडीं ओसरीवर मांडलीं. हंडे, कळश्या, घंगाळ, परात, ताम्हनें, पानाचा डबा, दोन समया, आणि एक भला थोरला बंब. एका हंड्याच्या गळ्याखालीं टांचणीसारख्या ठिपक्यांनीं नांव घातलेलें होतें. आम्हीं चष्मा पुसून तें वाचूं लागलों. काकूंच्या सासूबाईंचें नांव, त्यांच्या लग्नाचा शक. शके १८५ एवढें वाचतां आलें. शेवटचा आंकडा दोन कीं तीन तें कळेना. अक्षरांपैकीं तीन-चार तर बोटानें चांचपूनच ओळखावीं लागलीं. आम्हीं तसें सांगतांच काकू म्हणाल्या, “दोन. अठराशें बावन्न. घांसून घांसून सासूबाईच पुसून टाकल्या आम्हीं.” त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. थोरल्या वहिनींनीं हातांतली घांसणी खालीं ठेवली.

समईचा प्रकार निराळा होता. मधल्या भावाच्या मुलानें ती शहरांत नेऊन तिजवर पारदर्शक रोगण चढवून आणिलें होतें. कांहीं महिने ती आरशासारखी होती. पुढें वातीच्या उष्णतेनें रोगण पिवळें पडलें, कडेला सुटलें, आणि सुटलेल्या फटींतून ओल आंत शिरून झाडाच्या मुळांसारख्या काळ्या रेषा पसरल्या. आतां ती घांसावी तर रोगण आड येतें, आणि रोगण काढावें तर त्यासाठीं रासायनिक द्रव लागतो. ज्या वस्तूस विस्तव, अभिषेक किंवा अन्न लागत नाहीं, अशा भिंतीवरच्या शोभेच्या वस्तूंसच रोगण ठीक. देव्हाऱ्याचीं उपकरणें व स्वयंपाकाचीं भांडीं ह्यांस तें लावूं नये.

दुसऱ्या समईवर नुसता तेलाचा हात फिरविण्याची रीत होती, आणि ती पुष्कळ घरांत आहे. तेलाचा पातळ थर ओलीस अडवितो हें खरें. पण तेल जुनें झालें म्हणजे तें स्वतःच आंबट होतें, आणि तांब्याशीं मिळून मेणचट हिरवा मळ तयार करतें. समईच्या खांचांतून काडीनें जो हिरवा चिखल निघतो, तो बहुतांशीं हाच. म्हणून तेल लावावयाचें, तर आठवड्याच्या आंत पुसून पुन्हा लावावें. लावून विसरूं नये.

विसरून चालेल असा लेप म्हणजे मेण. त्याची कृति आम्हीं त्या वाड्यांतच करून दाखविली. मधमाशांचें शुद्ध मेण एक भाग, टर्पेंटाइन तीन भाग. मेण किसून टर्पेंटाइनमध्यें घालावें आणि तें भांडें गरम पाण्यांत ठेवून विरघळवावें. चुलीवर किंवा गॅसवर कदापि ठेवूं नये, कारण टर्पेंटाइन पेट घेतें. पितळ आधीं नेहमींप्रमाणें स्वच्छ करावें, पण मऊ कपड्यानें. दोन-तीन वेळां ऊन पाण्यानें धुवावें. पुसून उन्हांत कोमट होऊं द्यावें. मग बोटांचा घाम लागूं न देतां, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानें मेणाचा अगदीं पुसट थर द्यावा आणि अर्ध्या घटकेनें कोरड्या कापडानें चोळून उजळावें. थर दिसूं लागला तर तो जास्त झाला असें समजावें. मेण सुमारें ६२ अंश उष्णतेवर वितळतें, म्हणून वातीजवळ त्याचा उपयोग नाहीं; आणि खाण्यापिण्याच्या भांड्यांस तें लावावयाचें नाहीं. त्यांस बाहेरून कोरडें ठेवणें आणि आंतून कल्हई, हाच जुना मार्ग बरा.

धाकट्या सूनबाई हिशेबी. त्यांनीं तीन सारखे तांबे घेतले. एक चिंचेनें घांसून, धुवून, नुसता निथळत ठेवला. दुसरा तसाच घांसून लगेच पुसून उन्हांत वाळविला. तिसऱ्यास मेण दिलें. पहिल्यावर दुसऱ्या सकाळींच डाग आले. पांचव्या दिवशीं दुसरा किंचित् फिका होता. तिसरा होता तसा. मग भांड्यांचे ढीग झाले. रोजच्या पूजेचीं एका बाजूस. नांवें असलेलीं दुसऱ्या बाजूस. त्यांस मेण देऊन वर्षांतून दोनदांच हात लावावयाचा, आणि अक्षरांवर घांसणी फिरवावयाची नाहीं. उरलीं फुटकीं, बिननांवाचीं, ठोके पडलेलीं तेरा. तीं मोडीत गेलीं, बंबासकट. थोरल्या वहिनींस बंबाचें वाईट वाटलें. आम्हांसहि वाटलें, पण त्याचें बूड खरोखरच गेलें होतें.

नारायणगांवच्या बाजूस द्राक्षांचे मळे पुष्कळ. भुरी रोगावर त्यांत गंधक वापरतात. मळ्याशेजारच्या एका घरांतील गृहिणीनें आम्हांस सांगितलें, कीं गंधक उडविण्याच्या दिवसांत त्या देव्हाऱ्याचीं दारें लावून घेतात, नाहीं तर चार दिवसांत घंटा काळी होते. कारण त्यांस कोणी शिकविलें नव्हतें; निरीक्षण त्यांचें स्वतःचें. त्याच दिवशीं दुसऱ्या एका घरीं गोठ्याला लागून असलेल्या खोलींत पातळ पत्र्याचीं भांडीं टांगलेलीं पाहिलीं, आणि त्यांतल्या दोघांच्या कांठांस केसासारखे तडे होते. ह्या तड्यांचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील इंग्रजी फौजेचीं पितळी काडतुसें पावसाळ्यांत तबेल्यांत सांठवीत, आणि पावसाळा संपतां संपतां तीं आपोआप तडकलेलीं आढळत. घोड्यांच्या मुतापासून सुटणारा अमोनिया वायु, दमट हवा, आणि ठोकून वा ओढून बनविलेल्या पत्र्यांत कोंडून राहिलेला ताण, ह्या तिहींचा तो परिणाम होय, हें १९२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें स्पष्ट झालें. तेव्हां पितळ गोठ्याजवळ नको, आणि न्हाणीघराजवळहि नको. गुंडाळावयाचें तें सुती कापडांत. लोंकरींत गंधक असतो, म्हणून ती टाळावी.

ओझरास श्रीविघ्नेश्वराच्या देवळाचें शिखर उन्हांत झळकत होतें. चिमाजी आप्पांनीं सन १७३९ मध्यें वसई घेतल्यावर ह्या देवळाचा जीर्णोद्धार करून शिखर सोन्यानें मढविलें, असें सांगतात. सोन्यास ना प्राणवायु लागत, ना गंधक. आपल्या भाषेंत ‘पितळ उघडें पडणें’ हा वाक्प्रचार मुलाम्यावरूनच आला. पितळेनें काय पाप केलें होतें कोण जाणे, कीं खोटेपणाचें सारें खापर त्याच्या माथीं बसलें! मुलामा देणारा मात्र नामानिराळा राहिला.

त्याच वसईच्या विजयाची दुसरी खूण पाहावयास आम्ही मंचरवरून घोडेगांव, डिंभें असे पश्चिमेस भीमाशंकरीं गेलों. हें क्षेत्र आंबेगांव व खेड तालुक्यांच्या सीमेवर, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, तीन हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. पावसाळ्याचे चार महिने तेथें ढग जमिनीवर उतरलेले असतात. चिमाजी आप्पांनीं वसईहून आणिलेल्या पोर्तुगीज घंटांपैकीं एक येथें अर्पण झाली. वांईजवळ मेणवलीस जी घंटा आहे, ती तिची बहीण. ही घंटा पितळेची नव्हे. घंटेच्या धातूंत साधारणतः चार भाग तांबें व एक भाग कथील असतें. नादासाठीं तें प्रमाण लागतें. शतकांच्या पावसानें अशा घंटेवर जी गडद साय चढते, ती घट्ट आणि सारखी असते, आणि तीच आंतल्या धातूचें रक्षण करते. एक यात्रेकरू आपल्या मुलास म्हणाला, “एवढी जुनी घंटा, कोणी घांसत कसें नाहीं?” आमच्या मतें न घांसणें हीच तिची सेवा. वस्तुसंग्रहालयांतहि अशा वस्तूंची साय काढीत नाहींत. फार तर मेणाचा हात देतात, किंवा तज्ज्ञ मंडळी बेन्झोट्रायझोल नांवाचें द्रव्य वापरतात. तें विषारी असल्यामुळें घरांत आणण्याची गोष्ट नव्हे.

परतीच्या वाटेवर डिंभें धरणाचें पाणी बराच वेळ बाजूस होतें. ज्या गांवावरून तालुक्यास आंबेगांव हें नांव पडलें, तें मूळ गांव घोड नदीवरील ह्या धरणाच्या जलाशयाखालीं गेलें. तालुक्याची कचेरी घोडेगांवास आहे. घोडेगांवीं एका ओळखीच्या घरीं चहास थांबलों. हें कुटुंब मूळचें त्या बुडालेल्या गांवचें. आमच्या फेरीचा हेतु ऐकून घरच्या बाईंनीं आंतून एक घागर आणून दाखविली. रोजच्या वापरांतली, लख्ख. गळ्याशीं त्यांच्या आजेसासऱ्यांचें नांव, आणि त्यापुढें ‘मु. आंबेगांव’. त्यांनीं ती आमच्यासमोरच धुतली. चिंचेचा बोळा साऱ्या घागरीवरून फिरला. अक्षरांपाशीं येतांच त्यांनीं बोळा ठेवला, नुसता ओला अंगठा त्या ओळीवरून एकदां नेला, आणि पदरानें घागर पुसून उन्हांत उपडी घातली.